बाभळीखालची रुईची अळी

गुरुजींनी मला जावई म्हणून पसंत केलं होतं की नाही, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्यांच्या लेकीबरोबर माझा संसार झाला, लेकरंबाळं झाली, डोक्याचे केस पिकले; पण "हो" असा शब्द त्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. "नाही" असाही ऐकला नाही. विचारलं की ते पाण्याबद्दल बोलायचे. बायकोला विचारावं तर ती म्हणते, "लग्न झालं ना? मंग आता काय पावती पाह्यजे?"

दुष्काळाची वर्षं सरून नदी-नाल्यांना पुन्हा पाणी आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मी शेलूबाजारकडचा. अनसिंगच्या पुढे एका खेड्यात मला पहिली नेमणूक मिळाली. शाळा दोन खोल्यांची अन् मास्तरही दोनच. एक मी आणि एक गुरुजी. गुरुजी नोकरीच्या शेवटाला आलेले, मी सुरुवातीला.

पहिल्याच दिवशी माझ्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली. मी नेमणुकीचा कागद पुढे केला. गुरुजींनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला अन् मलाच परत दिला.

"वाचून दाखवा."

"गुरुजी, माहाच कागद हाये."

"तुमचाच हाये म्हणूनच म्हणून राह्यलो. मास्तरचा आवाज मागच्या पोरापर्यंत गेला पाह्यजे."

मी वर्गासमोर उभा राहून माझ्याच नेमणुकीचा हुकूम जावक क्रमांकासकट मोठ्यानं वाचला. मागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी मान हलवली. ती पसंतीची होती की नापसंतीची, हे तेव्हाही कळलं नाही.

गावात त्यांना पाठीमागं "अळीमास्तर" म्हणत. समोर म्हणायची कोणाची छाती नव्हती. कारण असं, की त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक तपकिरीची डबी असे, अन् तिच्यात तपकीर सोडून काहीही असे. बहुतेक वेळा अळ्या. बाभळीवर एक अळी होते, काड्या-काटे गोळा करून स्वतःभोवती पुडी बांधते अन् फांदीला लोंबकळत राहते. आमच्याकडच्या पोरांनी ती हजारदा पाहिलेली असते. पण तिला डबीत घालून शाळेत आणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा तपासणीला साहेब आले. टेबलावर हजेरीपट उघडा, शेजारी गुरुजींची डबी, झाकण अर्धवट. साहेब सही करायला वाकले तर एक काड्यांची पुडी त्यांच्या पेनाकडे चालत येऊन राहिलेली.

"हे काय आहे?" साहेबांनी हात मागं घेतला.

"बाभळीची अळी, साहेब. घर पाठीवर घेऊन फिरते. बदलीच्या नोकरीवाल्यानं शिकण्यासारखी हाये."

साहेबांची नुकतीच बदली झाली होती, बिऱ्हाड अजून जुन्या गावीच पडलेलं. मला वाटलं, आता गुरुजींची काही खैर नाही. पण साहेब अळीकडे बराच वेळ पाहत राहिले, चहा प्याले आणि चांगला शेरा लिहून निघून गेले. का लिहिला, देव जाणे.

गुरुजींचा एकच शौक होता, मासे धरायचा. शाळा सुटली की अन् रविवारी उजाडल्यापासून ते नदीवर. गावाखाली नदी वळते तिथं डोह आहे, काठावर बाभळी अशा वाकलेल्या की फांद्या पाण्याला टेकतात. तिथल्या एका दगडावर बसून बसून त्यांनी त्याला बैठक आणली होती. काठी बांबूची, दोरा साधा अन् पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. गावातले बाकीचे लोक गांडूळ लावत. गुरुजींना गांडुळाचा भारी राग. "मातीतलं मातीत राहू द्या," म्हणायचे. "झाडाखाली मच्छी कायले उभी राह्यते? वरून काही पडन म्हणून. तिले तेच द्या, जे तिच्या नशिबात पडते." बाभळीची अळी फक्त बाभळीखाली. दहा पावलांवर जांभूळ होतं, त्याच्याखाली ती चालायची नाही. "जांभळाखालच्या मच्छीले बाभळीची अळी दाखवली तं ते इज्जत ठेवत नाई."

अळी लावायची रीतसुद्धा जगावेगळी. पुडी चिरून अळी बाहेर काढायची अन् काडीच्या टोकानं तिला आतून बाहेर उलटी करायची, धुतलेली पिशवी उलटून वाळत घालतात तशी. "आतला वास बाहेर आला पाह्यजे," म्हणायचे. हे सगळं ते बोटांनी करत, पाहत दुसरीकडेच.

अन् हा माणूस रोज सकाळी आंघोळ करून पंचशील म्हणायचा बरं का. पहिलंच शील प्राणिहत्या न करण्याचं. आमच्या घरीही म्हणत, पण आमच्या घरी कोणी ते म्हणून लगेच अळीचं कातडं उलटं करत नसे. एकदा मी धीर करून विचारलं.

"गुरुजी, सकाळी शील घेता अन् संध्याकाळी मोडता. हे कसं काय?"

"रोज मोडते म्हणूनच रोज घ्या लागते," ते म्हणाले. "एकदा घेऊन टिकलं असतं तं रोज कायले म्हटलं असतं?"

चूक वाटतं अन् खोडताही येत नाही, असलं काहीतरी ते बोलून जायचे अन् माझी रात्र खराब व्हायची.

बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नसत. कानाकडे पाहत. सुरुवातीला मी कान पुसून पाहिला. मग वाटलं, यांना माझा राग आहे. पोरांच्या पाट्या तपासायच्या म्हटलं की पोरालाच लिहिलेलं वाचायला लावत अन् आवाज अडखळला की तिथंच चूक पकडत. "जीभ अडखळली म्हणजे हात चुकलाच असन, पाह्य." अन् तो खरंच चुकलेला असे. त्यांच्या वर्गातल्या पोरांचे पाढे नदीच्या पाण्यासारखे वाहत. तक्रारीला जागाच नव्हती. फक्त मला काही उमगत नव्हतं, एवढंच.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गुरुजींना एक लेक होती. आई नव्हती, घरात बापलेकच. मॅट्रिक झालेली, पुढं मास्तरकी शिकायची तिची इच्छा. दुपारी ती डबा घेऊन शाळेत यायची, दारात उभी राहून "बाबा, डबा" एवढंच म्हणायची अन् जायची. एक दिवस जाता जाता माझ्याकडे पाहून म्हणाली, "मास्तर, सदऱ्याची बटनं खालवर लागली." बस. एवढ्यावर माझं काम तमाम झालं. हसा, पण झालं. मला तीच हवी होती, दुसरी कोणी नको होती. घरून येणारी स्थळं मी एकेक कारण काढून परतवत सुटलो.

शेवटी शेलूबाजारहून माझे मामा आले. मामा बोलण्यात पक्के. बैलजोडीचा सौदा असो की सोयरीक, हात हलवत ते कधी परतले नव्हते. गुरुजींच्या ओसरीवर जयभीम झालं, चहा झाला, मामांनी सगळं नीट मांडलं. गुरुजींनी ऐकून घेतलं अन् म्हणाले, "पाहू. पोराले रविवारी नदीवर पाठवा."

मामा घाम पुसत आले. "गड्या, हे काय प्रकरण हाये? मी सोयरीक विचारली, यानं तुले मच्छी माराले बोलावलं."

गावात चौकशी केली तर आणखीच घोळ. म्हणे, माझ्याआधीही तिघांना असंच नदीवर बोलावलं होतं. पहिल्यानं घाईघाईत शेवग्यावरच्या केसाळ अळ्या मुठीत भरून आणल्या अन् आठवडाभर खाजवत बसला. दुसरा टेरिलिनची पँट घालून आलेला. तो दगडावर बसलाच नाही. तिसऱ्यानं शहाणपणा केला, "गुरुजी, गांडूळ लावा ना, सोपं पडते." तिघंही पुन्हा दिसले नाहीत. गाव म्हणे, ही परीक्षा आहे. पण विषय कोणता अन् पास कशानं होतात, ते कोणालाच माहीत नव्हतं. कोणी म्हणे मोठी मरळ धरून द्या. कोणी म्हणे तोंड बंद ठेवा. अन् मला तर, खरं सांगायचं तर, अळीची किळस होती. लहानपणापासून. पानावर दिसली तरी मी पानच टाकून देत असे.

रविवारी गेलो. गुरुजी दगडावर बसलेले, दोरा बोटाला गुंडाळलेला.

"या. अळ्या आणा काढून."

मी बाभळीत शिरलो. काट्यांनी हात फाडले, सदरा फाडला. पुड्या लोंबकळत होत्या, पण हाताशी लागत होत्या तेवढ्या सगळ्या रिकाम्या निघाल्या, आतला जीव कधीच उडून गेलेला. भरलेल्या होत्या त्या वर शेंड्याला. रिकाम्या हातानं परत जावं तर संपलंच. काठावर रुईचं झुडूप होतं अन् त्याच्या पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या लठ्ठ अळ्या आरामात चरत होत्या, पाठीवर मऊ काळी शिंगं. डोळे मिटून एक उचलली. अंगावर असा शहारा आला की आजही येतो. तशीच नेऊन त्यांच्या तळहातावर ठेवली.

ज्यानं जन्मभर बाभळीखाली दुसऱ्या झाडाची अळी टाकली नाही, त्या माणसाच्या हातावर मी रुईची अळी ठेवली होती. लहान पोरालाही दिसलं असतं. मी शिव्या खायला तयार उभा राहिलो.

गुरुजींनी ती बोटांत फिरवली. पुन्हा फिरवली. मग काही न बोलता गळाला लावली अन् दोरा पाण्यात सोडला.

हा अपमान आहे, की माफी? की अजून परीक्षा सुरूच आहे? थोड्या वेळानं ते म्हणाले, "पाहा बरं, बुडलं का?"

"नाई, गुरुजी."

अजून थोड्या वेळानं, "आता?"

"नाई."

दुपारपर्यंत हेच. समोर धांड्याचा तुकडा तरंगून राहिलेला, चार हातांवर, अन् हा माणूस मला विचारतो बुडलं का. माझं लक्ष तपासतात वाटतं, असं धरून मी डोळ्यांची पापणी न हलवता पाहत बसलो. मासा काही लागला नाही. रुईच्या चिकाची कडू अळी, कोण तोंड लावणार? उठताना ते म्हणाले, "पाणी गढूळ हाये अजून." अन् घरी गेले.

पुढचा आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. गुरुजी शाळेत नेहमीसारखेच. पाढे, पाट्या, डबी. मी त्यांच्या प्रत्येक शब्दाचा कीस पाडत होतो. "खडू संपला" म्हणाले तरी वाटे, आपल्यालाच काही सुचवतात. मामांनी निरोप धाडला, "काय झालं?" मी उलट निरोप धाडला, "माहीत नाही." मामा म्हणे चिडून अंगणात येरझारा घालत होते.

रविवारी मला कोणी बोलावलं नव्हतं. पण ती कडू अळी माझ्या डोक्यातून जाईना. ठरवलं, निदान बाभळीच्या खऱ्या अळ्या काढून त्यांच्या दगडावर ठेवून यायचं. मग मुलगी देवोत न देवोत. फटफटलं तसा नदीवर पोचलो. पाहतो तर बाभळीखाली गुरुजींची लेक. पदर खोचलेला, हातात आकडी लावलेला लांब बांबू, शेंड्याची फांदी ओढून पुड्या तोडून राहिलेली. तपकिरीची डबी जमिनीवर उघडी.

"तुमी काहून आले?" ती दचकलीच.

"अळ्या काढाले. मागच्या रविवारी माहाकडून गडबड झाली. रुईची नेऊन देली."

"बाबा काही बोलले?"

"काहीच नाई. म्हणून तं झोप नाई."

तिनं आकडी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबाले दिसत नाई, मास्तर."

"म्हणजे?"

"मधातलं दिसत नाई. बाजूचं दिसते जरासंक. तोंडाकडे पाह्यलं तं तोंड जाते, म्हणून कानाकडे पाह्यतात, तवा कुठं तोंड दिसते. अकोल्याले डागदरले दाखवलं. चष्म्यानं होत नाई म्हणे हे."

माझा नेमणुकीचा हुकूम, पोरांच्या पाट्या, बुडलं का, आता बुडलं का. सगळं एकावर एक येऊन आदळलं.

"कोणाले सांगू नका," ती म्हणाली. "नोकरी थोडकीच राह्यली. वर कळलं तं घरी बसवतीन. घरी बसवलं तं माहा बाप मरते. शाळा अन् नदी, दोनच गोष्टी हायेत त्याईले. डबी मी भरतो म्हणून नदी तरी चालून राह्यली."

"मंग ते तिघं? ते परीक्षा?"

"कायची परीक्षा? मीच सांगतलं होतं बाबाले, जो येईन त्याले नदीवर न्या. मी लग्न करून गेली तं डबी कोण भरन? त्याईच्या जवळ बसून बुडलं का ते कोण सांगन? अळीले भेते त्याच्यापाशी मी बापाले कशी सोडू?"

"मी बी भेतो अळीले," मी म्हणालो. आता खोटं बोलून काय मिळणार होतं?

"दिसलं ते. उघडी डबी पाहूनच तुमचा हात कापून राह्यला." ती हसली. "पण ते तिघं परत आले नाई. तुमी आले."

"म्हणजे तुमचं हो समजू?"

"बाबा सांगतीन," म्हणाली अन् डबी माझ्या हातात देऊन चालू लागली. दहा पावलांवर वळून म्हणाली, "बटनं नीट लावत जा."

आता तुम्हीच सांगा, याला होकार म्हणायचं की काय म्हणायचं? सोमवारी मी शाळेत गुरुजींसमोर उभा राहिलो. कानाकडे पाहत ते म्हणाले, "उन्हाळ्याची सुटी लागली की उरकून टाका."

"काय उरकू, गुरुजी?"

"तुमाले जे उरकायचं हाये ते. मले काय विचारता?" अन् तिसरीच्या पोरांना बेरजा घालायला निघून गेले.

सुटीत लग्न झालं. निंबाखाली, चार माणसांत, हार घालून. मामा नवीन फेटा बांधून आले होते, पण शेवटपर्यंत मला बाजूला घेऊन विचारत होते, "नक्की हो म्हटलं ना रे त्यानं?" सगळ्यांबरोबर गुरुजींनी पंचशील म्हटलं. पहिलं शील म्हणताना त्यांनी माझ्या कानाकडे पाहिलं. मला हसू आवरेना, बायकोनं कोपर मारलं.

त्यानंतर डबी मी भरू लागलो. आधी फडकं हातावर घेऊन, मग नुसत्या बोटांनी. किळस गेली असं नाही, पण सवय झाली. शाळेत वाचायचं असेल ते मी वाचत गेलो, अन् गुरुजी मानानं निवृत्त झाले. गळ्यात हार, हातात नारळ. त्यांच्या डोळ्यांबद्दल त्यांनी मला कधी सांगितलं नाही अन् मीही विचारलं नाही. मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं का, याचाही मला पत्ता नाही. बायको पुढं शिकली, मास्तरीण झाली. आम्ही तिथंच राहिलो.

काही वर्षांनी बाजूचंही दिसेनासं झालं. तरी रविवारी त्यांचा हात धरून मी डोहावर नेत असे. ते दगड पायानं ओळखत. अशाच एका सकाळी मी बाभळीची अळी उलटी करून त्यांच्या हातात दिली. आता मलाही जमायला लागलं होतं. त्यांनी ती बोटांत फिरवली, गळाला लावली, दोरा सोडला. मग म्हणाले,

"मास्तर, पहिल्या दिवशी तुमी रुईची आणली होती."

इतक्या वर्षांत हा विषय निघाला नव्हता.

"तुमाले कसं कळलं?"

"शिंगं लागली ना बोटाले. बाभळीच्या अळीले कुठं शिंगं असतात? अन् चिकाचा वास. डोळे गेले होते, नाक थोडीच गेलं होतं."

"मंग बाभळीखाली लावली कायले? दुपारपर्यंत बसले त्याच्यावर. मच्छी लागणार नाई, हे तुमाले माहीत होतं."

ते माझ्या कानाकडे वळले. सवयीनं. आता दिसत तर काहीच नव्हतं.

"हात कापून राह्यला होता तुमचा," ते म्हणाले. "तरी आणली होती ना. मंग लावा लागते."

जन्मभर एक नेम सांभाळलेल्या माणसानं तो माझ्यासाठी मोडला होता, अन् मी बसलो होतो त्याचा अर्थ लावत. विचारावंसं वाटलं, म्हणजे तेव्हाच हो होतं का, गुरुजी? पण मी नुसतं डबीचं झाकण लावलं. वारा पडला होता. बाभळीची पिवळी फुलं पाण्यावर साचून राहिली होती.

"पाहा बरं, बुडलं का?" ते म्हणाले.

मी पाण्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, धांड्याचा तुकडा कुठं आहे तेच दिसेना.

"पाहू," मी म्हणालो.